मधला भाऊ : एका सोट्याची कैफियत

सुज्ञ वाचकहो आणि बालमित्रांनो,

प्रस्तुत लेखात मी माझा जन्म, माझी अडतीस वर्षांची सेवा, त्या सेवेला लागलेला डाग आणि माझा सांप्रतचा काचेतला बंदिवास यांचे यथामती निवेदन करणार आहे. निवेदन सुखाचे नाही, हे आरंभीच नमूद करतो. ज्यांना हसायचे असेल त्यांनी मधल्या दोन-तीन जागी हसून घ्यावे. शेवटी तशी सोय नाही.

मी एक जुना सोटा आहे. नाव ऐकून दचकू नका, मी आजवर कुणाच्या पाठीत बसलेलो नाही. आमच्या बेटावरच्या एटना या ज्वालामुखी पर्वताच्या पूर्व उतारावर चेस्टनटचे रान आहे, तेथे मी वाढलो. व्याकरणात पर्वत पुल्लिंगी असतो, हे मला ज्ञात आहे. परंतु आमच्या गावात तिला कुणी पर्वत म्हणत नाही आणि नावानेही हाक मारत नाही. नुसते 'ती' म्हणतात. 'ती आज धुमसते आहे', 'ती रात्री खोकली', 'तिचे मन ठीक दिसत नाही', असे बोलतात. सासू माजघरात असताना सुना जशा बोलतात, तशा दबक्या आवाजात.

मला तोडले चिरिनोने. तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि नुकताच वाटाड्या झाला होता. जानेवारीत, चंद्र उतरणीला लागल्यावर त्याने मला निवडले, कारण उतरत्या चंद्रात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही. त्याने माझी साल काढली, निखाऱ्यावर शेकून माझा बाक घालवला, ऑलिव्हचे तेल चोळले आणि लोहाराकडून टोकाला लोखंडी शेंबी बसवून घेतली. शेंबी बसताना फार दुखले. पण जन्म म्हटला की दुखणे आलेच, असे समजून मी गप्प राहिलो.

मित्रांनो, आमच्या भागात तीन संत-भावांची भक्ती आहे : आल्फियो, फिलादेल्फो आणि चिरिनो. मे महिन्यात त्यांची जत्रा भरते आणि लोक अनवाणी धावत देवळात जातात. चिरिनोच्या आईला तीन मुलगे हवे होते, तिघा संतांच्या नावांचे. थोरला आल्फियो झाला, तो पुढे जर्मनीत कारखान्यात गेला. शेवटचा चिरिनो झाला. मधला मात्र जन्मतःच गेला आणि ते नाव घरात रिकामे राहिले. चिरिनोने मला खांद्यावर टाकून घरी आणले, तेव्हा ती माउली चुलीपुढून उठली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "आला गं बाई माझा मधला! उंच झालाय, पण अंगात मांस नाही."

सारे घर हसले. ती हसता हसता शालीच्या टोकाने डोळे पुसत होती. त्या दिवसापासून मी फिलादेल्फो झालो.

आता माझ्या कामाविषयी निवेदन करतो. तिच्या अंगावर जो तप्त रस वाहतो, तो वरून थिजतो, पण आतून वाहतच राहतो. आतला रस निघून गेला की खाली पोकळ बोगदा उरतो आणि वर पापुद्रा. डोळ्यांना पापुद्रा आणि खडक सारखेच काळे दिसतात. फरक फक्त आवाजात असतो. शेंबी आपटली की खडक 'टण्' म्हणतो आणि पोकळी 'ढब' म्हणते. संशयाची जागा आली की चिरिनो हात वर करी, मागचे सगळे थांबत. तो म्हणे, "बोल रे मधल्या!" आणि मला तीनदा आपटी. मी बोलत असे, तो ऐकत असे. मग तो एकच शब्द उच्चारी : "बोना!" म्हणजे ती राजी आहे, जमीन चांगली आहे. हा शब्द येईपर्यंत कुणी पाऊल उचलायचे नाही, असा दंडक होता. चिरिनो आधी जायचा, बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल ठेवून.

आमची वर्षे अशी गेली. पुढे सरकारने सारा डोंगर संरक्षित उद्यान म्हणून जाहीर केला. पाट्या आल्या, वाटेवर खुणेचे खांब आले, पाहुण्यांच्या डोक्यावर टोप्या आल्या. दूरदूरचे लोक चालायला येऊ लागले. कुणी काळ्या वाळूत घसरून पडे आणि हसे, कुणी विवराच्या काठावर पोहोचताच चार पावले मागे सरके, कुणी लोकरीच्या मोज्यात दगड लपवून नेई. चिरिनो ते दगड काढून परत ठेवी आणि म्हणे, "बाईसाहेब, तिच्या घरातून भांडी नेऊ नका. ती हिशेब विसरत नाही." गावात लोक म्हणत, चिरिनोचा कान म्हणजे डोंगराचा कान. माझीही स्तुती होई. एका वृत्तपत्रात आमचे छायाचित्र आले होते. त्यात चिरिनोचे डोळे मिटलेले आहेत, पण मी उत्तम आलो आहे.

तदनंतर एका हिवाळ्यात, आम्ही काठाजवळ असताना, ती अकस्मात कडाडली. दगड आमच्या डोक्यावरून गेले. कुणाला खरचटलेही नाही. पण त्या दिवसापासून चिरिनोच्या कानात शिट्टी बसली आणि शिट्टीच्या मागे हळूहळू बाकीचे जग बुजत गेले.

हे प्रथम मला समजले. नंतर त्याला. तिसऱ्या कुणाला समजू नये म्हणून त्याने फार कष्ट घेतले. तो लोकांच्या ओठांकडे पाहू लागला. वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंचे ओठ वाचूनच तो उत्तीर्ण झाला. कुणी हसले की हसे, कुणी गंभीर झाले की मान हलवी. तरी गफलती होतच. एकदा चौकातल्या दुकानात पत्ते खेळताना त्याचा मित्र सारो, जो स्वतःही वाटाड्या होता, त्याला म्हणाला, "पिसू का रे?"

"नको नको," चिरिनो म्हणाला, "आत्ताच जेवून आलो."

सारोने पत्ते टेबलावर टाकले. "अरे, पत्ते पिसू का म्हणतोय मी! कानात राख भरली की काय तुझ्या? बायकोला सांग, केरसुणी घालायला."

"माझी बायको वर गेली त्याला सहा वर्षं झाली."

"मग तिथून लांब दांड्याची केरसुणी घाल म्हणावं!"

दुकान हसण्याने भरून गेले. चिरिनोही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला ते नंतरचे हसणे सहन झाले नाही.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, त्याने काम का सोडले नाही? मीही पुष्कळ काळ हाच विचार केला. त्याला मासे धरता येत नव्हते, द्राक्षे छाटता येत नव्हती. त्याला फक्त ती येत होती. तिच्या अंगावरून उतरून तो गावात आला की एक सामान्य म्हातारा होई, ज्याला सदऱ्याची गुंडी लावायलाही वेळ लागतो. वर तो चिरिनो होता. एवढेच त्याचे पणाला लागले होते, आणि एवढेच म्हणजे सगळे.

म्हणून त्याने एक युक्ती शोधली. तो कानांनी नव्हे, तळव्याने ऐकू लागला. मी 'टण्' म्हटले की माझ्या अंगातून एक बारीक झिणझिण वर जाते आणि 'ढब' म्हटले की ती मधेच मरते. तो हातमोजा काढून मला मुठीत घट्ट धरी आणि डोळे मिटी. दोन वर्षे ही युक्ती चालली. मीही जीव ओतून थरथरत असे. सोट्याला याहून अधिक काही करता येत नाही.

त्याची मुलगी वेनेरा तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. तिनेही वाटाड्याचा परवाना घेतला होता. बाप पुढे, पाहुणे मध्ये, लेक शेवटी, असा आमचा क्रम असे. बाबा हल्ली विसरभोळे आणि मोठ्याने बोलणारे झाले आहेत, इतकेच तिच्या ध्यानात आले होते. त्याहून अधिक तिला ठाऊक नव्हते. हे मी शपथेवर सांगतो.

तो ऑक्टोबर महिन्यातला दिवस होता. पाच पाहुणे होते. त्यांत उत्तरेकडून आलेले एक निवृत्त भूगोल-शिक्षक, बेर्तोल्डी गुरुजी, आणि त्यांच्या पत्नी इर्मा होत्या. गुरुजी देहाने भरभक्कम आणि स्वभावाने त्याहून भरभक्कम. चढावर श्वास लागला तरी बोलणे थांबत नव्हते.

"पस्तीस वर्षं मी हा डोंगर फळ्यावर खडूनं काढला," ते म्हणाले. "पोरं विचारायची, गुरुजी, तुम्ही पाहिलाय का? मी म्हणायचो, गप्प बसा, पुढचं पान काढा!"

"आणि आता बघताय तर तोंड मिटा जरा," इर्माबाई म्हणाल्या. "दम पुरवा. तुम्हाला उचलून न्यायला मी काही खेचर नाही."

"ऐकलंत चिरिनोकाका? चाळीस वर्षं हेच."

चिरिनो हसला. त्याने ऐकले नव्हते.

दुपारच्या आत धुके उतरले. ते इतक्या वेगाने आले की खुणेचा पुढचा खांब दिसेना, मागचाही दिसेना. सहा महिन्यांपूर्वी त्या भागातून नवा रस वाहून गेला होता. त्याच्यावरून परतणे भाग होते. वारा असा बोचरा होता की चिरिनोच्या बोटांची नखे निळी झाली होती. त्याने हात वर केला. सगळे थांबले.

"बोल रे मधल्या!"

त्याने मला तीनदा आपटले. मित्रांनो, मी खोटे बोललो नाही. मी 'ढब' म्हणालो. तिन्ही वेळा म्हणालो. माझ्या अंगातली झिणझिण त्याच्या मुठीपर्यंत न पोहोचता विझली. पण गारठ्याने त्याची मूठच मेली होती. त्या मुठीला जिवंत थरथर आणि मेलेली थरथर यांत अंतर कळेना. तो क्षणभर थांबला. मी प्रार्थना केली, की त्याने अजून एकदा आपटावे, हात फुंकून ऊब आणावी, काहीही करावे. त्याच्या मागे पाच माणसे थंडीत उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"बोना!" तो म्हणाला.

रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या वेनेराने माझा आवाज ऐकला होता. आमच्या लोकांत 'नाही' शब्दाने म्हणत नाहीत. हनुवटी किंचित वर करतात आणि जिभेने टाळ्याला 'त्च' असा आवाज करतात. वेनेराने 'त्च' केले. त्याहून अधिक काही करणे म्हणजे परक्या माणसांसमोर जन्मदात्याची चूक काढणे, आणि ते आमच्या गावात कुणी मुलगी करत नाही. तिला वाटले, बाबांनी ऐकले असेल. तिला वाटले, ऐकूनही ते 'बोना' म्हणतात, तर त्यांना आपल्याहून अधिक कळत असले पाहिजे. पाहुणे समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरचे. त्यांना तो आवाज म्हणजे थंडीने वाजलेली जीभ वाटली.

चिरिनो पुढे गेला. तो वाळक्या वेलीसारखा सडपातळ, त्याचा भार पापुद्र्याने सोसला. इर्माबाई गेल्या. आणखी तिघे गेले. मग गुरुजी निघाले.

तो आवाज मी वर्णन करणार नाही. खाली मोठे मडके फुटावे तसा होता, एवढेच नमूद करतो. धुक्यात एक काळे भोक उरले.

चिरिनो मागे वळला ते आवाजाने नव्हे, पायाखालच्या हादऱ्याने. तो पोटावर पडून, मला पुढे धरून, सरपटत भोकापर्यंत आला आणि आत ओरडला, "गुरुजी! गुरुजी!"

"आहे!" खालून आवाज आला. "पाय मोडलाय, पण मी आहे! इर्माला सांगा!"

"गुरुजी, बोला हो!"

"अहो बोलतोय ना! इथे आहे मी!"

"एक शब्द तरी बोला!" चिरिनोचा आवाज फाटला. "देवाच्यान, एक शब्द बोला!"

खालून गुरुजी ओरडत होते आणि वरून चिरिनो ओरडत होता, आणि दोघांच्या मध्ये मी होतो. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. इर्माबाईंनी त्याचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वळवले.

"ते बोलतायत," त्या म्हणाल्या. "केव्हाचे बोलतायत. तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्याने त्यांचे ओठ वाचले. मग भोकापलीकडे उभ्या असलेल्या वेनेराकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर जे होते, ते वाचायला ओठांची गरज नव्हती. त्याने मला जमिनीवर आडवे ठेवले. इतक्या वर्षांत डोंगरावर त्याने मला हातातून सोडण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढचे सगळे वेनेराने केले. तिने बिनतारी यंत्रावर मदत मागवली, दोर सोडला, स्वतः आत उतरली आणि पाच तास गुरुजींचे डोके मांडीवर धरून बसली. गुरुजी वाचले, पण त्यांचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. नाताळात त्यांचे पत्र आले. 'आता मी ज्वालामुखी आतूनही पाहिला आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू शकतो,' असे त्यात होते. चिरिनोने ते पत्र वाचले, घडी घातली आणि जेवला नाही. दुसऱ्या नाताळात पत्र आले नाही. त्याच्या पुढच्याही नाताळात नाही.

चिरिनोने आपला बिल्ला परत केला. कुणी मागितला नव्हता. त्यानंतर तो दाराच्या उंबऱ्यावर बसू लागला, तिच्याकडे पाठ करून. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, राख झाडायच्या केरसुणीशेजारी उभा राहिलो. कधी माझ्याने उंच खिडकी लावली जाई, कधी अंजिरे पाडली जात. एकदा छपराच्या पन्हळीत तुंबलेली राख मला उपसावी लागली. ज्याने विवराचा काठ पाहिला, त्याने पन्हळ पाहावी, हेही दैवात असते. शेंबीला गंज चढला. तेल कुणी लावले नाही.

चिरिनो वेनेराला म्हणे, "वर जातेस, तर मधल्याला घेऊन जा. तो अजून बोलेल."

"मला तो पेलत नाही, बाबा," ती सांगे आणि आपली हलकी, धातूची काठी घेऊन निघून जाई. तो म्हणे, "दोष त्याचा नाही गं. दोष माझ्या एकट्याच्या कानांचा. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं असतं, तर तो ओरडलाच असता ना?" वेनेरा दार ओढून घेई. असे चार वर्षे चालले. मी कोपऱ्यातून पाहत असे आणि मला सर्व ठाऊक होते. लाकडाला सर्व ठाऊक असणे ही मोठी शिक्षा आहे.

शेवटी सारो आला आणि म्हणाला, पायथ्याच्या माहितीघरात जुन्या वस्तू मांडत आहेत, फिलादेल्फोला तिकडे देऊ. अशा रीतीने मी काचेच्या पेटीत आलो. माझ्याखाली छापील पाटी लागली : 'वाटाड्या चिरिनो यांचा सोटा. अडतीस वर्षांच्या सेवेत एकही अपघात नाही.' मजकूर सारोने सांगितला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. "म्हाताऱ्या माणसाचं वाईट लिहायचं नसतं," तो म्हणाला, "तो मेल्यावर लिहायचं, तेही बेतानं."

चिरिनो मला भेटायला आला, पाटी वाचली आणि माहितीघराच्या नेल्लाबाईंना म्हणाला, "हे पुसा. खोटं आहे."

"चिरिनोकाका, छापून आलंय ते. पुसलं जात नाही."

"काय?"

"छापील आहे, छापील!"

तो गेला. पुढच्या सोमवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्या सोमवारी वेनेराला बरोबर घेऊन आला. तेव्हा नेल्लाबाई कंटाळून म्हणाल्या, "हा घ्या कागद, हे पेन. काय लिहायचंय ते लिहा, खाली चिकटवते. पण माझ्या मागची ही पीडा टाळा बाई."

त्याने पेन लेकीला दिले. "लिही," तो म्हणाला. "एक अपघात झाला. बेर्तोल्डी गुरुजींचा पाय गेला. दोष वाटाड्याच्या कानांचा."

वेनेरा लिहू लागली. दालनात शाळेची मुले होती, काही परदेशी पाहुणे होते. ती बराच वेळ लिहीत होती. तिने कागद दिला, तेव्हा चिरिनोने तो लांब धरला, मग जवळ धरला.

"मी सांगितलं त्यापेक्षा जास्त ओळी आहेत," तो म्हणाला आणि खिशातून चष्मा काढून नाकावर ठेवला.

कागदावर पुढे लिहिले होते : 'आवाज पोकळ होता. मागे चालणाऱ्या वेनेराने तो ऐकला होता. ती बोलली नाही.'

त्याने ते दोनदा वाचले. मला वाटते तीनदा. मग चष्मा काढला.

"मग ओरडली का नाहीस?"

वेनेराचे ओठ हलले. ती खाली पाहत होती, म्हणून त्याला ते दिसले नाहीत.

"काय?" तो म्हणाला. "मोठ्यानं बोल."

ती पुन्हा बोलली, थोडी मोठ्याने. शाळेची मुले वळून पाहू लागली. नेल्लाबाई टेबलामागून उठल्या.

"ऐकू येत नाही गं पोरी. मोठ्यानं!"

"तुम्ही माझे बाबा होतात म्हणून!" वेनेरा ओरडली.

माझ्या पेटीची काच थरथरली. एका मुलाच्या हातून टोपी पडली, ती कुणी उचलली नाही.

चिरिनो लेकीच्या तोंडाकडे बघत होता. "हां," तो म्हणाला. "आता ऐकू आलं."

मग त्याने कागद नेल्लाबाईंच्या हाती दिला आणि ती दोघे बाहेर गेली, बाप पुढे, लेक मागे. दारापाशी तो थांबला आणि त्याने तिला पुढे जाऊ दिले. त्यानंतर तो आला नाही. त्याच हिवाळ्यात त्याचे देहावसान झाले, असे मुलांना समजावून सांगताना नेल्लाबाईंच्या तोंडून मला कळले.

मित्रांनो, लाकडाला तेल लावा, लोखंडाला गंजू देऊ नका, हा उपदेश कोणताही जुना सोटा करील. मी निराळी विनंती करतो. तुमच्या घरात कुणी पुढे चालणारे असेल, वयाने मोठे, मानाने मोठे, आणि त्यांच्या पायाखालची जमीन पोकळ वाजलेली तुम्हाला ऐकू आली, तर मान राखण्यासाठी जीभ आवरू नका. चारचौघांत ओरडा. रागावतील, लाजतील, दोन दिवस बोलणार नाहीत. ते परवडते. न ओरडल्याचे काय होते, ते मी काचेतून रोज पाहतो : पाटीखाली चिकटवलेला एक कागद, आणि तो ओळ न् ओळ वाचणारी तुमच्यासारखी मुले.

माझे अशुद्ध निवेदन शांतपणे वाचल्याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानतो आणि थांबतो.

आपला नम्र,
फिलादेल्फो